फितीवर नाव नसते

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान धारातीर्थी पडले. अशा मुलखातली लष्करी वस्तू म्हटली की संग्राहकाचा हात सैल होतो. नेमक्या याच जागी सावध राहावे लागते.

पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. गणवेशावर लावायच्या रिबनपट्टीवर मात्र नुसत्या रंगीत फिती असतात. चार फिती आणल्या, पत्र्यावर गुंडाळल्या, मागे पिन लावली की पट्टी तयार. असे असले तरी कोणती फीत कोणाशेजारी बसते, याचे नियम ठरलेले आहेत. बनावट करणारा बहुधा तिथेच सापडतो.

पहिली तपासणी जोड्यांची. पहिल्या महायुद्धाचे विजयपदक कधीच एकटे दिले गेले नाही, त्याच्या सोबत ब्रिटिश युद्धपदक असेच. त्यामुळे मधोमध लाल असलेली विजयपदकाची इंद्रधनुषी फीत पट्टीवर एकटीच दिसली, तर पट्टी अपुरी तरी आहे किंवा खोटी तरी. दुसऱ्या महायुद्धात बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार हे दोन्ही एकाच सैनिकाला मिळत नसत. दुसऱ्या आघाडीची नोंद पहिल्याच फितीवरील चिन्हाने होई. या दोन्ही फिती शेजारी दिसल्या की पुढे पाहण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी काळाची. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र यांची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली. म्हणजे 1946 साली निवृत्त झालेल्या जवानाच्या पट्टीवर वीरचक्राची निळी-केशरी फीत बसूच शकत नाही. तसेच 1950 साली भरती झालेल्याच्या पट्टीवर बर्मा स्टार येत नाही. साध्या सेवापदकांच्या रांगेत एखादी शौर्याची फीत घुसवली की पट्टीचे मोल वाढते. पण ही शौर्यपदके भारताच्या राजपत्रात नावानिशी जाहीर होतात. नाव सांगितले जात असेल तर ते तिथे शोधावे.

तिसरी तपासणी कापडाची. हिच्यावर फार विसंबू नये. अतिनील दिव्याखाली पांढरे धागे निळसर चमकले तर त्यात उजळक रसायन आहे. अशा रसायनांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर पसरला. पण डिटर्जंटने धुतलेली जुनी फीतही चमकते. शिवाय फीत विटली की जवान स्वतःच नवी लावून घेत. कापडावरून फक्त कापडाचे वय कळते, मालकाची सेवा नव्हे. धागा जाळून पाहण्याचा मोह तर टाळावाच.

चौथी तपासणी सोबतच्या कागदांची, आणि इथे आपला भूगोल कामी येतो. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा 1918 सालच्या म्हणून दाखवलेल्या दाखल्यावर ‘तालुका तासगाव, जिल्हा सांगली’ असे असेल, तर तो कागद नंतर तयार केलेला आहे. पलटणीचेही तसेच. 1922 पूर्वी मराठा पलटणींना 103, 105, 110, 114, 116, 117 असे क्रमांक होते. त्या साली त्या ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एकाच रेजिमेंटच्या तुकड्या झाल्या. 1916 साली कुतच्या वेढ्यात सापडलेला सैनिक 103 किंवा 110 क्रमांकाच्या पलटणीचा असू शकेल. त्या सालच्या कागदावर ‘पाचवी मराठा’ येणार नाही.

या चारही कसोट्यांना उतरलेली पट्टीसुद्धा एका विशिष्ट माणसाची ठरत नाही. ते ठरवायला नाव असलेले पदक, सेवापुस्तिका किंवा घरच्यांचा शब्द लागतो. म्हणून पट्टी कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या कागदांसह मिळाली, हे घेतानाच लिहून ठेवावे. खोट्या पट्टीत पैसे जातात, ते एक वेळ सोसता येते. पण तीच पट्टी उद्या गावच्या प्रदर्शनात एखाद्याच्या नावाने मांडली गेली, तर न लढलेल्याच्या खात्यावर लढाई जमा होते आणि खरोखर लढलेल्या शेजाऱ्याच्या पदकाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.