गावचं नेट कोण चालवतं?

2007 साली व्हेनेझुएलातले प्राध्यापक एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँडीजच्या एका शिखरावरून 382 किलोमीटर दूरच्या दुसऱ्या डोंगरावर वायफायने माहिती पाठवून दाखवली. मुंबई-सोलापूर अंतर सरळ रेषेत मोजलं तर याहून कमी भरतं. मोठे अँटेना, मध्ये एकही अडथळा नाही आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा फेरफार, एवढ्यावर हे जमलं.

म्हणजे लहरी पोहोचवणं हा यातला सोपा भाग. तालुक्याच्या गावापासून वीस किलोमीटरवरच्या वाडीत नेट न्यायचं, तर दरवेळी रस्ता खणून फायबर पुरावीच लागते असं नाही. दोन टोकांना दोन रेडिओ, लोखंडी पाइप, वायर आणि समोरासमोर दिसणाऱ्या दोन उंच जागा असल्या की झालं. साध्या रेडिओची किंमत काही हजार रुपयांत आटपते. तरीही गावोगावच्या अशा जाळ्यांची कथा बहुतेक वेळा सारखीच असते. उद्घाटन होतं, सरपंचांचा फोटो छापून येतो आणि एकदोन पावसाळ्यांनंतर त्या पाइपवर फक्त कावळे बसतात. काही जाळी मात्र वर्षानुवर्षं चालू राहतात. त्यांच्याकडे वेगळं तंत्रज्ञान नसतं. त्यांच्याकडे वसुली करणारा, फोन उचलणारा आणि वेळ पडली तर खांबावर चढणारा माणूस असतो.

नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातलं नांगी हे अशा टिकलेल्या जाळ्याचं नामांकित गाव. तिथले महावीर पुन अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात शिकून गावी परतले आणि शाळेच्या मागे लागले. गाडीरस्ता संपल्यावर कित्येक तासांची चढण, टेलिफोन नाही, वीज ओढ्यावर बसवलेल्या छोट्या जनित्रातून. जुने सुटे भाग जमवून त्यांनी लाकडी खोक्यांत संगणक बसवले. पण ते जगाशी जोडायचे कसे? 2001 साली पुन यांनी बीबीसीला पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. ते वाचून युरोप-अमेरिकेतले स्वयंसेवक मदतीला आले. तो माओवादी संघर्षाचा काळ होता आणि वायरलेस यंत्रं खुलेपणाने आणायला बंदी होती. पाहुण्यांच्या सामानातून सुटे भाग लपवून आले, टीव्हीच्या डिश झाडांवर बांधल्या गेल्या, दोन डोंगरमाथ्यांवर लहरी पुढे ढकलणारी केंद्रं उभी राहिली. सप्टेंबर 2003 मध्ये नांगी सुमारे 35 किलोमीटरवरच्या पोखरा शहराशी जोडलं गेलं. 2006 साली नेपाळ सरकारने ही यंत्रं परवानामुक्त केली आणि 2007 साली पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधी चोरून केलेल्या कामाला नंतर पुरस्कार मिळण्याचं हे काही एकमेव उदाहरण नसेल, पण मोठं मजेशीर आहे.

या गोष्टीत नेहमी झाडावरच्या डिशचं कौतुक होतं. त्याहून महत्त्वाचं आहे ते त्यानंतरचं. डोंगरमाथ्यावरची केंद्रं सौर आणि पवनऊर्जेवर चालायची. बॅटरी मेली की कुणीतरी नवी बॅटरी पाठीवर घेऊन चढायचं. जाळं आजूबाजूच्या गावांत पसरलं, तसा गावातल्याच पोरांना हे काम शिकवणं भाग पडलं. आणि लोकांना त्याचा रोजचा उपयोग दिसत होता. गावच्या दवाखान्यातून काठमांडूच्या मॉडेल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं, शिक्षक नसलेल्या वर्गात दुसऱ्या गावचा शिक्षक पडद्यावर शिकवू लागला, परदेशी कामाला गेलेल्या मुलांशी बोलणं होऊ लागलं. उपयोग दिसला की पैसे मागायला तोंड राहतं. फुकट दिलेल्या जाळ्याची राखण सहसा कुणी करत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर या धंद्याचं गणित पाहू. गावात नेट देणारा माणूस स्वतः इंटरनेट तयार करत नाही. तो मोठ्या कंपनीकडून ते घाऊक विकत घेतो आणि किरकोळीत विकतो. या घाऊक जोडणीला धंद्यात बॅकहॉल म्हणतात, आणि सगळा खेळ तिच्या भावावर असतो. समजा, 200 घरांना प्रत्येकी 10 एमबीपीएसचा प्लॅन विकला. कागदावर 2,000 एमबीपीएस लागतात. एवढे विकत घेतले तर दुकान पहिल्याच महिन्यात बंद. म्हणून तो 200 किंवा त्याच्या आसपास घेतो. नळपाणी योजनेत गावातले सगळे नळ एकाच क्षणी पूर्ण सोडले जाणार नाहीत हे धरून टाकी बांधतात, तसंच हे. दुपारी तीनला अंदाज बरोबर ठरतो. रात्री साडेआठला, त्यातून क्रिकेटचा सामना असला, की सगळे नळ सुटतात आणि फोन वाजायला लागतो.

बॅकहॉल महाग पडण्याची तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या लॅरामी गावात ब्रेट ग्लास या अभियंत्याने 1992 साली लॅरिएट नावाची वायरलेस सेवा सुरू केली. जगातली अशी पहिली सेवा तीच, असं अनेक जण मानतात. पठारावरचं गाव, विरळ वस्ती, मोठ्या कंपन्यांना रस नाही. सरकारी सुनावण्यांत ग्लास यांचं एक गाऱ्हाणं वर्षानुवर्षं कायम राहिलं: सुमारे 200 किलोमीटरवरच्या डेन्व्हर शहरात घाऊक बँडविड्थ स्वस्त मिळते, पण तीच लॅरामीत आणायला कितीतरी पट पैसे पडतात. वर ती विकणाऱ्या बड्या कंपन्याच किरकोळ बाजारातल्या प्रतिस्पर्धी. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याशीच भावात स्पर्धा करायची, ही या धंद्याची मुळातली गोम आहे. वायोमिंगमध्येही, विदर्भातही.

मग येतो भूगोल. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना समोरचं टोक दिसावं लागतं, आणि ते नुसतं दिसून भागत नाही. लहर दोऱ्यासारखी सरळ जात नाही, मध्यावर फुगते. 5.8 गिगाहर्ट्झवर दहा किलोमीटरच्या जोडणीत मधोमध या फुगवट्याची त्रिज्या सुमारे 11 मीटर भरते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. दुर्बिणीतून समोरचं टोक स्वच्छ दिसतं, पण मधल्या टेकडीवरचं झाड त्या फुगवट्यात घुसलेलं असतं. सागाचं रान असेल तर गंमत आणखी वाढते. एप्रिलमध्ये निष्पर्ण सागातून जोडणी छान लागते, ग्राहक पैसे भरतात, आणि जुलैत त्याच झाडांवर हाताएवढी ओली पानं येतात. या लहरींचं पावसाने फारसं बिघडत नाही, पाण्याने भिजलेल्या पानांनी बिघडतं. म्हणून जाणता माणूस जागेची पाहणी पावसाळ्यात करतो. कधीकधी तेवढं करूनही शेजारचा मजला चढवतो आणि प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येतं.

आणि वीज. याबाबत तमिळनाडूतला एक अनुभव वाचण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या एरिक ब्रुअर यांच्या गटाने थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी लांब पल्ल्याच्या वायफायचं जाळं उभारलं. खेड्यातल्या छोट्या केंद्रात रुग्णाचे डोळे तपासायचे आणि थेनीतल्या डॉक्टरने पडद्यावर बोलून सल्ला द्यायचा, अशी योजना. तंत्रज्ञान पक्कं होतं. पण यंत्रं मरायला लागली. 2008 साली या गटाने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की वीज जाण्यापेक्षा वाईट वीज जास्त नुकसान करते. मोजल्यावर हजार व्होल्टपर्यंतचे झटके सापडले. आपल्याकडचा कुठलाही वायरमन हे एका वाक्यात सांगेल: लाइट जाणं परवडतं, येणं परवडत नाही. त्यावर उपाय म्हणून त्यांनी विजेचे चढउतार सांभाळणारं स्वस्त उपकरण बनवलं. त्याच लेखात दुसरा धडा होता तो माणसांचा. बिघाड नेमका कुठे आहे हे दूरच्या तज्ज्ञाला कळेपर्यंत दिवस जायचे. केंद्रातल्या कर्मचाऱ्याला दिवे कसे वाचायचे आणि कुठली वायर हलवायची हे शिकवल्यावर बरंच ओझं उतरलं.

धरमशाळेच्या एअरजल्दी जाळ्याचाही त्याच अभ्यासात समावेश होता. भारताने 2005 च्या सुरुवातीला 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेर वापरायला खुल्या केल्या आणि लगेच तिथल्या तिबेटी वसाहतीत, संस्था आणि शाळांना जोडणारं हे जाळं उभं राहिलं. दुकानात मिळणारे राउटर, पावसापासून वाचवायला बाहेरून चढवलेले पत्र्याचे डबे आणि हिमालयातलं हवामान. यात भर माकडांची. ती अँटेनाला लोंबकळतात, दिशा बदलते, नेट जातं. एअरजल्दी पुढे परवानाधारक कंपनी झाली आणि आणखी राज्यांत पसरली. स्वयंसेवेच्या उत्साहावर न थांबता त्यांनी दर ठरवले, वसुली लावली आणि स्थानिक मुलांना पगारावर तंत्रज्ञ म्हणून घेतलं, हे त्यामागचं कारण असावं.

महाराष्ट्रातला प्रयोग पालघर जिल्ह्यातला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात खामलोली आणि जांभळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बहाडोलीच्या परिसरात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातल्या लहरींवरून नेट पोहोचवून पाहिलं. टीव्हीच्या या लहरी 5.8 गिगाहर्ट्झच्या तुलनेत झाडीतून बऱ्या जातात, त्यामुळे सागाचं दुखणं कमी होतं. पुढे आणखी गावांत साध्या परवानामुक्त लहरी वापरल्या गेल्या. या प्रकल्पाला 2017 साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक आणि 1,25,000 डॉलर मिळाले. पण त्यातला लक्षात घ्यावा असा विचार लहरींचा नव्हता. ग्रामपंचायतीने जागा आणि पाठबळ द्यायचं, गावातल्याच एखाद्या तरुणाने छोटा उद्योजक म्हणून जाळं सांभाळायचं आणि वसुलीतला वाटा घ्यायचा, असा तो आराखडा होता. नांगीला जे अनुभवातून सुचलं, ते इथे आधीच कागदावर मांडलं होतं.

आज असा धंदा करू पाहणाऱ्या तरुणापुढे कायद्याची वाट पूर्वीपेक्षा मोकळी आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाचा वापर परवानामुक्त केला. लहरी मोकळ्या असल्या तरी नेट विकायला मात्र परवानगी लागते. ग्राहकांची ओळख तपासणं, नोंदी ठेवणं, ठरलेली विवरणं भरणं हे सगळं चुकत नाही. बरेच लहान चालक यातून वाट काढतात, ती एखाद्या मोठ्या परवानाधारकाची फ्रँचायझी घेऊन. गावातला जुना केबलवाला हेच करतो. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने आणखी एक दार उघडलं. किराणा दुकानदार किंवा चहावाला सार्वजनिक वायफाय विकू शकतो आणि त्याला ना परवाना लागतो, ना शुल्क.

दार उघडलं, पण गर्दी अपेक्षेएवढी झाली नाही. कारण पुन्हा तेच, बॅकहॉल. दुकानदार जोडणी मागायला गेला की त्याला घरगुती नव्हे, तर व्यापारी लीज लाइनचा, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या जोडणीचा, चढा दर सांगितला जाई. त्या दरात पाच-दहा रुपयांची वायफाय कूपनं विकून काय उरणार? दुसऱ्या बाजूने 2016 पासून मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला, की रेंज असलेल्या गावात वेगळं नेट घ्यायचं कारणच उरेना. 2023 पासून मोठ्या कंपन्यांचं फाइव्ह-जीवर चालणारं एअरफायबरही आलं. म्हणजे छोट्या चालकाच्या वाट्याला राहिल्या त्या मोठ्यांना न परवडणाऱ्या जागा: दरीतली वाडी, घाटाखालचा पाडा, टॉवरची रेंज जिथे खिडकीत उभं राहिल्यावरच मिळते ती शाळा. तिथे ग्राहक थोडे आणि खांबावर चढण्याचे प्रसंग जास्त.

या अडचणीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून 2025 मध्ये बोट ठेवलं. 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर जोडणीचा जो दर असेल, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे पीएम-वाणीच्या दुकानदाराकडून घेता येणार नाहीत, असा आदेश काढला. निर्णय योग्य आहे, अर्धा आहे. तो सार्वजनिक वायफाय विकणाऱ्या दुकानदाराला लागू होतो. परवाना काढून, नोंदी ठेवून, वाडीतल्या चाळीस घरांना महिनाभर नेट पुरवणाऱ्या छोट्या चालकाला होत नाही. सर्वांत अवघड जागी सेवा देणाऱ्यालाच घाऊक माल सर्वांत महाग पडत असेल, तर दराची ही मर्यादा त्याच्यापर्यंतही न्यायला हवी. त्याला हातभार लावायला ग्रामपंचायतींना मात्र ट्रायची वाट पाहण्याची गरज नाही. पाण्याच्या टाकीवर चार फूट जागा, भरवशाची वीज आणि शाळा-दवाखान्याची वेळेवर भरलेली वर्गणी एवढं त्या आजही देऊ शकतात. तेवढं मिळालं तरी गावातल्या त्या माणसाचे कित्येक महिने निभावतात.