नांगरलेला सागरतळ

मागच्या भागात आपण उथळ पाण्यातल्या प्रवाळांपाशी होतो. या आठवड्यात थेट चार-पाच किलोमीटर खाली उतरू. तिथे उजेड पोहोचत नाही, पाणी जेमतेम एक-दोन अंशांचे आणि दाब पृष्ठभागाच्या चारशे-पाचशे पट. वरच्या थरांत मेलेल्या जीवांचे जे कण वाटेत कुणी खाल्ले नाहीत, तेवढेच अन्न खाली येते. इतक्या खोलवर काही जगत नसावे, असे एकोणिसाव्या शतकात अनेक शास्त्रज्ञ मानत. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने तळ खरवडून जिवंत प्राणी वर आणले. सोबत काळे, खडबडीत गोटेही आले. आजचा वाद या गोट्यांवरून आहे.

आकाराने साधारण बटाट्याएवढे हे गोटे मँगनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात. निकेल, तांबे, कोबाल्टही त्यांत मिळते. गोटा कापला की आत थरावर थर दिसतात आणि मधोमध कधी खडकाची कपची, कधी शार्कचा दात. पाण्यातले आणि गाळातले धातू त्या दाताभोवती साचत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. मुठीत मावणारा गोटा घडायला कित्येक दशलक्ष वर्षे लागतात.

खोल तळ बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा. ज्यांना घट्ट आधार लागतो, अशा स्पंज आणि प्रवाळांना हा गोटाच काय तो आधार. पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरहून खोल जागी संशोधकांना फिकट रंगाचे ऑक्टोपस दिसले. गोट्यावर वाढून मेलेल्या स्पंजाच्या देठावर त्यांनी अंडी घातली होती आणि अंगाखाली ती राखत बसले होते. इतक्या थंडीत पिल्लू वाढायला फार वेळ लागतो. कॅलिफोर्नियाजवळ, याहून उथळ पाण्यात, दुसऱ्या जातीच्या एका मादीने ५३ महिने अंडी सांभाळल्याची नोंद आहे. म्हणजे गोटा गेला की स्पंज गेला, आणि स्पंज गेला की अंड्यांची जागा गेली.

याच पेरूच्या समुद्रात १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी आठ मीटर रुंद नांगर तळावरून पुन्हापुन्हा ओढला. खाणकाम झाले तर तळाचे काय होईल, हे त्यांना पाहायचे होते. गोटे गाळाखाली गाडले गेले. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, पथक पुन्हा गेले तेव्हा नांगराचे तास स्पष्ट दिसत होते आणि गोट्यांना धरून राहणारे जीव परतले नव्हते. त्या नांगराने गोटे उचललेही नव्हते. खरे यंत्र ते उचलून नेईल, वरचा गाळही खरवडेल, आणि उडालेला गाळ आसपासच्या जीवांवर बसेल.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून पहिले गोटे वर काढले. आज मध्य हिंद महासागरातल्या ७५,००० चौरस किलोमीटर तळावर गोट्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. याच संस्थेने १९९७ मध्ये तिथला गाळ मुद्दाम ढवळला आणि पुढे काही वर्षे परिणामांच्या नोंदी ठेवल्या. हे काम मला फार मोलाचे वाटते. त्या जागेवर पुन्हा पुन्हा जायला हवे आणि तिथे काय सावरले, काय नाही, हे लोकांना समजेल अशा भाषेत मांडायला हवे. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या गोट्यांच्या पट्ट्यात पाच हजारांहून अधिक प्रजाती असाव्यात, असा २०२३ चा अंदाज आहे; त्यांतल्या सुमारे ९० टक्के प्रजातींना अजून शास्त्रीय नाव नाही. जे अजून ओळखीचेही झालेले नाही, ते खणून काढायची घाई कशासाठी? बॅटऱ्यांना निकेल-कोबाल्ट लागते, हे खरे. पण या दोन्हींशिवाय चालणाऱ्या बॅटऱ्या आज रस्त्यावरच्या गाड्यांत आहेत. तीसहून अधिक देशांनी खाणकाम तूर्त थांबवण्याची मागणी केली आहे. भारतानेही त्यांच्या बाजूने उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या आठवड्यात हिंद महासागरातल्याच उष्ण झऱ्यांकडे जाऊ. तिथे पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय राहते. खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत झाली.