एलायझा डेव्हिस यांची पत्रं

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात ‘बेंटलीज मिसेलनी’ मासिकातून क्रमशः आली. तिचा लेखक डिकन्स तेव्हा पंचविशीत होता. पोरांना खिसे कापायला शिकवणाऱ्या फॅगिनचा उल्लेख त्याने पानोपानी नावाऐवजी ‘तो ज्यू’ असाच केला.

१८६० मध्ये त्याने लंडनमधलं आपलं टॅव्हिस्टॉक हाउस विकलं. ते घेणारं डेव्हिस दांपत्य ज्यू होतं. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस यांनी एका धर्मादाय कामासाठी देणगी मागणारं पत्र त्याला लिहिलं आणि त्यातच मनातला सल सांगितला: गांजलेल्यांची बाजू घेणाऱ्या लेखकाने आमच्या समाजाबद्दलच्या द्वेषाला मात्र खतपाणी घातलं.

डिकन्सने आधी बचावच केला. त्या काळी असे गुन्हेगार बहुधा ज्यूच असत आणि कादंबरीतली बाकीची दुष्ट मंडळी ख्रिस्तीच आहेत, असं त्याचं म्हणणं. डेव्हिसबाई मागे हटल्या नाहीत. ख्रिस्ती दुष्टांच्या शेजारी भली ख्रिस्ती माणसंही आहेत, फॅगिन मात्र ‘ज्यू’ म्हणून एकटा उभा आहे, असं त्यांनी उलट टपाली कळवलं. कादंबरीच्या घडणीबद्दल इतका नेमका अभिप्राय मी क्वचितच वाचला आहे. तक्रार दुखावल्या मनाची, पण नजर अव्वल वाचकाची.

१८६४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत रायाह आला. ख्रिस्ती मालकाच्या सावकारीची बदनामी स्वतःच्या माथी घेणारा हा सज्जन ज्यू. मला तो फिका वाटतो. इतका भला, की हाडामांसाचा वाटतच नाही. पत्रांची खरी कदर झाली ती ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या १८६७ च्या आवृत्तीत. तीस वर्षं जुन्या, गाजलेल्या मजकुराला डिकन्सने पुन्हा हात घातला. सुरुवातीची प्रकरणं जवळपास तशीच राहिली, पण पुढे जागोजागी ‘ज्यू’ खोडून ‘फॅगिन’ किंवा ‘तो’ आलं. नवं पात्र उभं करण्यात लेखकाला आनंद असतो; लोकांच्या ओठी बसलेला आपलाच मजकूर ओळ न् ओळ तपासायला मोठं मन लागतं.

त्याच वर्षी डेव्हिसबाईंनी त्याला हिब्रू-इंग्रजी बायबल भेट दिलं. ज्या समाजाबद्दल आपल्याला खरी आस्था आहे, त्याला जाणूनबुजून दुखवण्याचं कधीच मनात नव्हतं, असं त्याने आभाराच्या पत्रात लिहिलं.