पाठ का वाकते?

‘ताठ बस, पोक काढू नकोस’ हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे मूल मोठं होत नाही. पाठ आळसाने वाकते आणि टोकलं की सरळ होते, अशी पक्की समजूत त्यामागे असते. खरं तर निरोगी कणाही सरळसोट नसतो. मानेशी आणि कमरेशी तो पुढे, छातीच्या पातळीवर मागे वळलेला असतो. हा मागचा बाक वाढला की पोक दिसतं, आणि तो वाढायची कारणं वयागणिक बदलतात.

वयात येणाऱ्या कितीतरी मुली खांदे पुढे ओढून चालतात, कारण छातीकडे वळणाऱ्या नजरा त्यांना नकोशा असतात. त्यांना टोचून बोलणं क्रूरपणाचं आहे. पुस्तकात नाक खुपसणाऱ्या मुलाचे आधी डोळे तपासावेत. ताठ उभं राहूनही बाक जात नसेल, तर श्यूअरमन विकार असू शकतो. त्यात वाढीच्या वयात मणके पुढून कमी वाढतात आणि पाचरीच्या आकाराचे होतात. अशा मुलाने कितीही मनावर घेतलं तरी पाठ सरळ होणार नाही.

दप्तराने कणा एका बाजूला वाकडा होतो, हाही गैरसमजच. कणा असा बाजूला वळण्याचा स्कोलिओसिस हा विकार पौगंडावस्थेतल्या शंभरातल्या दोन-तीन मुलांत आढळतो आणि बहुतेकांत त्याचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड नसावं, असं केंद्राचं 2020 चं धोरण सांगतं. मुलांची दमछाक टळावी म्हणून ते पाळायलाच हवं. मात्र ओणवं केल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली, तर दप्तर हलकं करून भागणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञच गाठावा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आजीच्या पाठीकडे. ‘वय झालं, वाकायचंच’ म्हणून आपण सोडून देतो. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात. मग बादली उचलताना, कधी नुसत्या खोकल्यानेही मणका दबून मोडतो. पुष्कळदा फारसं दुखतही नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. असे दोन-तीन मणके दबले की पाठ वाकते, उंची घटते. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर उंची कमी झाली असेल, तर एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. दबलेला मणका सहसा पूर्ववत होत नाही, पण पुढचा मोडण्याचा धोका औषधांनी बराच कमी करता येतो.