साक्षर, पण कोणत्या भाषेत?

इंग्रजीतील 'लिटरसी' हा शब्द स्पॅनिशमध्ये नेताना अमेरिकेतील अनुवादकाला क्षणभर थांबावेच लागते. लिहावाचावयास शिकविण्याच्या कार्यास स्पॅनिशमध्ये 'आल्फाबेतिसासिऑन' म्हणतात, ते येत असण्याच्या स्थितीस 'आल्फाबेतिस्मो', तर बालवर्गातील वाचन-लेखनास 'लेक्तोएस्क्रितुरा'. क्यूबाने १९६१ साली राबविलेल्या देशव्यापी मोहिमेच्या नावात यांपैकी पहिला शब्द होता. मराठीत मोहीम आणि स्थिती या दोहोंचा भार आपण 'साक्षरता' या एकाच शब्दावर टाकतो.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. न्यूयॉर्क राज्याने १९२१ च्या घटनादुरुस्तीने नव्या मतदारांवर इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट घातली. परिणामी पोर्तो रिकोच्या शाळांत स्पॅनिशमधून शिकलेले अमेरिकन नागरिक मतपेटीपाशी निरक्षर ठरले. दक्षिणेकडील राज्यांत अशाच परीक्षांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने पोर्तो रिकोत सहावी इयत्ता उत्तीर्ण झालेल्यांना इंग्रजीच्या अटीतून मुक्त केले. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. १९७५ साली अशा परीक्षांवर देशभर कायमची बंदी आली.

आपल्याला ही कथा परकी वाटत नाही. १९२९ साली सायमन कमिशनपुढे मांडलेल्या स्वतंत्र अहवालात बाबासाहेबांनी मताधिकारासाठी साक्षरतेची अट साफ नाकारली. निरक्षर मनुष्य बुद्धिहीन असतो, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्या निरक्षरतेचा दंड त्यांनीच का भरावा? पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत न शिकलेल्या स्त्री-पुरुषांनीही मतदान केले.

आज आपल्या घरांत या शब्दाची दोन रूपे एकत्र नांदतात. मराठी ग्रंथ वाचणारी आजी येथील अर्जापुढे अडते. इंग्रजीत तरबेज नातवाला तिचे पत्र वाचता येत नाही. यांतील निरक्षर कोण? कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने इंग्रजीसह आणखी एका भाषेत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पदविकेवर द्विभाषिक साक्षरतेची मुद्रा देण्यास आरंभ केला; नंतर अनेक राज्यांनी तो मार्ग स्वीकारला. आपण मुलांना देवनागरी शिकवावी आणि आजीला अर्ज समजावून द्यावा. मात्र तिला कोणी 'अडाणी' म्हटले, तर 'कोणत्या भाषेत?' हा प्रश्न विचारण्यास संकोचू नये.