नुनाविकची हवाई वहिवाट

कॅनडातील क्वेबेक प्रांताचा जो उत्तरेकडील तिसरा हिस्सा नुनाविक या नावाने ओळखला जातो आणि जो विस्ताराने आपल्या महाराष्ट्राहूनही मोठा आहे, त्या वृक्षविरळ मुलखात इन्यूइट लोकांची अवघी 14 गावे समुद्राच्या व खाड्यांच्या काठाने विखुरलेली असून, त्यांतील एकही दुसऱ्याशी अथवा दक्षिणेतील शहरांशी रस्त्याने जोडलेले नाही. मालवाहू जहाजे बर्फ वितळल्यावरच येतात; एरवी डाक, औषधे, ताजी भाजी, शिक्षक आणि रुग्ण या सर्वांची ने-आण विमानानेच व्हावयाची.

ही सेवा चालविणाऱ्या ‘एअर इन्यूइट’ कंपनीचे मूळ एका कज्ज्यात आहे. जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत्-योजना उभारण्याचे प्रांतिक सरकारने 1971 साली परस्पर जाहीर केले, तेव्हा तेथील क्री व इन्यूइट रहिवासी न्यायालयात गेले. नोव्हेंबर 1973 मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी दिलेला मनाईहुकूम वरिष्ठ न्यायालयाने आठवड्याभरातच उठविला, तरीही सरकारला वाटाघाटीस बसणे भाग पडून 1975 मध्ये करारनामा झाला. त्यान्वये मिळालेल्या भरपाईच्या व्यवस्थेसाठी 1978 साली ‘मकिविक’ ही संस्था निघाली, आणि त्याच वर्षी जन्मलेली ही विमानकंपनी त्या संस्थेमार्फत समस्त नुनाविकवासी इन्यूइटांच्या मालकीची आहे. आलेला पैसा दळणवळणात गुंतविणाऱ्या त्या पिढीच्या दूरदृष्टीविषयी मला नितांत आदर वाटतो. पुविर्निटुक व इवुयिविक या गावांनी, भूमीवरील हक्क सोडणे अमान्य करून, करारनाम्यास संमती दिली नाही. विमान मात्र त्यांच्याही धावपट्टीवर उतरते.

या धावपट्ट्या बहुतांशी खडीच्या. म्हणून आखूड पट्टीवर उतरणारे ‘ट्विन ऑटर’, आणि मागेपुढे सरकणाऱ्या पडद्याने उतारू व माल यांची जागा कमीअधिक करता येणारी मोठी विमाने येथे उपयोगी पडतात. पूर्वी बाळंतपणासाठी स्त्रियांना विमानाने दक्षिणेस धाडीत व त्यांना कित्येक आठवडे आप्तांवाचून काढावे लागत. 1986 साली पुविर्निटुक येथे प्रसूतिगृह निघून स्थानिक सुइणी तयार होऊ लागल्या, तेव्हापासून तेथील पुष्कळ बालके स्वभूमीतच जन्मतात.

प्रवासभाडे मात्र सामान्य कुटुंबास आजही जड जाते. जेथे सरकारने रस्ता बांधलेला नाही, तेथे विमानभाडे रयतेच्या आवाक्यात ठेवण्याचा खर्च सरकारी खजिन्यानेच सोसला पाहिजे.