अखत्याराविना जबाबदारी

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी 19 ऑगस्ट 2025 पासून पुकारलेल्या संपात नियमित सेवेत समायोजन करण्याच्या 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु मुदतीच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाच्या स्वभावाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. वस्तुतः कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर घटकाभर बसावे, म्हणजे “सिस्टर वसकन अंगावर येतात”, “डॉक्टर मान वर करून बघत नाहीत” या फिर्यादी कानी पडतातच.

कामाच्या ताणाने माणूस आतून करपून जाण्याच्या या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, दखल शास्त्राने उशिराच घेतली. 1974 मध्ये फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांत ती टिपली, 1981 मध्ये मास्लाक आणि जॅक्सन यांनी तिचे मोजमाप बसविले, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती व्याधी नसून कामाशी निगडित अवस्था असल्याचे नमूद केले.

मला मात्र यांच्याही आधीच्या इझाबेल मेंझीस अधिक मर्मग्राही वाटतात. लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांचे निरीक्षण करून त्यांनी 1960 च्या सुमारास असे दाखविले की, वेदना आणि मृत्यू यांच्या नित्य सान्निध्यातून उपजणारी धास्ती आवरण्यासाठी रुग्णालयाची व्यवस्थाच परिचारिकेला अलिप्तपणाचे धडे देते. अनेक रुग्णांची थोडी थोडी कामे वाटून दिल्याने कोणा एकाशी तिचा ऋणानुबंध जुळत नाही, आणि नाव-गाव असलेला माणूस ‘दहाव्या खाटेवरचे यकृत’ होऊन बसतो. या कवचाने धास्ती तर शमत नाहीच, उलट रोगी बरा झाल्याचे समाधान तेवढे हिरावले जाते, आणि सोडून जाणाऱ्यांत गुणी मुलीच पुष्कळ असतात.

बालाघाटाच्या पठारावरील, भालचंद्र गणेशाच्या लिंबागणेशात आणि अवघ्या बीड जिल्ह्याच्या ग्रामीण भागात खाटेची जागा नोंदवहीने घेतली आहे. दसरा-दिवाळीनंतर वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाळाला नऊ महिने पूर्ण होऊन गोवर-रुबेलाची लस देण्याची वेळ येते, तेव्हा ते सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, पाचटाच्या कोपीत असते. नोंदवहीतला त्याचा रकाना इकडे कोरा राहतो, आढावा बैठकीत त्याबद्दल खुलासा मागितला जातो तो आरोग्यसेविकेकडे, आणि उन्हाळ्याच्या तोंडी ती माय परतली की सेविका तिच्यावर खेकसते:

“इतके दिवस कुठं होतीस?”

“उचल घेतली व्हती, मॅडम. जावंच लागलं.”

दोघींचेही खरे आहे. उचल देणारा मुकादम आणि उद्दिष्ट ठरविणारे साहेब, दोघेही तेथे हजर नसतात. म्हणून राग समोरच्यावर निघतो आणि पुढे पुढे तोच स्वभाव म्हणून ओळखला जातो.

यावर ध्यानधारणेची शिबिरे भरविणे मला शुद्ध पळवाट वाटते, कारण शिबिराच्या दिवशीचे लसीकरण दुसऱ्या दिवसाच्या बोकांडी बसते. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून अधिक काम नसावे, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये केली. मुख्यालयी राहण्याचे बंधन असलेल्या सेविकेचे तास मोजणार कोण? निदान एवढे तरी व्हावे, की स्थलांतरित बाळाचे नाव खऱ्या अर्थाने कारखान्याच्या हद्दीतल्या दप्तरी वर्ग व्हावे, आणि खुलाशाचा कागदही त्याच पत्त्यावर जावा.